ऑर्विनचे चौदाशे शहाऐंशी पुरुष

ऑर्विनला मी कधी गेलेले नाही. तरी तिथल्या काउंटी कोर्टासमोरच्या हिरवळीवर सोळा बाक आहेत, त्यांतला एक मोडका आहे, आणि कोर्टाच्या घुमटावरचं घड्याळ पूर्वेच्या बाजूने चार मिनिटं मागे चालतं, हे मी खात्रीने सांगू शकते. गावात चोवीस चर्च, दोन बँका, पंचवीस खाटांचं एक हॉस्पिटल, बंद पडलेली मोज्यांची एक गिरणी आणि पाण्याची एक उंच टाकी आहे. टाकीवर गावाचं नाव आणि भुईमुगाची शेंग रंगवलेली आहे. लोकसंख्या नऊ हजार चारशे बारा. या शेवटच्या आकड्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मी नाशिकची. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि रियाधला, ओलाया भागातल्या एका काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर असलेल्या सल्लागार कंपनीत लागले. आमची कंपनी गावांबद्दल अहवाल लिहिते. "म्हणजे लोकांना त्यांच्याच गावाची माहिती द्यायची?" असं आईने फोनवर विचारलं होतं, आणि तीन महिन्यांत मला याहून चांगली व्याख्या सुचलेली नाही.

प्रोबेशन नव्वद दिवसांचं होतं. नव्वद दिवसांनी माझ्या बॉसने, रत्नाकर सरांनी, फॉर्मवर सही केली की मी पक्की, आणि पक्की झाले की मला थुवालला जायचं होतं. थुवाल समुद्राकाठी आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात आमच्या कंपनीचं एक लहानसं काम चालू होतं: पाण्याखाली काढलेल्या फोटोंवरून प्रवाळ मोजायचे. दिवसभर निळे फोटो बघायचे आणि मोजायचं. मला त्याशिवाय दुसरं काहीही नको होतं. सही झाली नाही तर नाशिक. तिथे मामाने एका क्लासमध्ये अकरावीला गणित शिकवायची नोकरी माझ्यासाठी आधीच बघून ठेवली होती. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तो सगळ्यांसाठीच बघून ठेवतो.

ऑर्विनचं काम अडुसष्टाव्या दिवशी आलं.

रियाधपासून दोनशे किलोमीटरवर एक गाव आहे. करारात गोपनीयतेचं कलम असल्याने नाव देत नाही. ते मुहाफझाचं मुख्य ठिकाण आहे, म्हणजे आपल्याकडे तालुक्याचं गाव असतं तसं. कचेऱ्या, एक बाजार, खजुराच्या बागा, आणि आजूबाजूच्या खाणींत व बांधकामावर काम करणारे बाहेरदेशीचे कामगार. त्या गावच्या नगरपालिकेला आपल्यासारखंच एखादं परदेशी गाव हवं होतं, ज्याच्याकडे बघून शिकता येईल.

"अमेरिकन घे," रत्नाकर सर म्हणाले. ते मूळचे पुण्याचे, रियाधला एकोणीस वर्षं, आणि बोलताना पेनचं टोपण दातांत धरायची त्यांना सवय.

"युरोपातलं चालणार नाही का, सर?"

"युरोपातली लहान गावं फार देखणी असतात. क्लायंटला वाईट वाटतं. अमेरिकन गाव बघितलं की माणसाला वाटतं, एवढं आपल्यालाही जमेल."

अमेरिकेत काउंटी असते, आणि जिथे काउंटीचं कोर्ट आणि कचेऱ्या असतात ते तिचं मुख्य गाव. अशी हजारो गावं. त्यांतून एक निवडायचं तर पद्धत हवी. मी अकरा निकष ठरवले: लोकसंख्या, हवेतला कोरडेपणा, महामार्गापासूनचं अंतर, सरकारी नोकऱ्यांचं प्रमाण वगैरे. त्यात एक निकष होता शंभर बायकांमागे किती पुरुष. आमच्या क्लायंटच्या गावात एकशे चौतीस, कारण कामगार बायकामुलांना आणत नाहीत. अमेरिकेत हा आकडा बहुतेक ठिकाणी शंभरच्या खाली असतो. एक्केचाळीस गावांच्या यादीत एकच गाव जवळ आलं. ऑर्विन, टॅलमन काउंटी, एकशे एकतीस.

मला फार आनंद झाला. गणिताने गाव शोधून दिलं होतं.

आता हे जास्तीचे पुरुष आले कुठून, हे बघणं आलं. जनगणनेचे आकडे तिथे अगदी लहान लहान तुकड्यांपर्यंत मिळतात. गावाच्या दक्षिणेचा एक तुकडा उघडला आणि सगळे तिथेच सापडले: पुरुष चौदाशे शहाऐंशी, बायका शून्य, मुलं शून्य. बहुतेकांचं वय वीस ते पंचेचाळीस. मी उपग्रहावरून घेतलेला फोटो शोधला, छापला, आणि टेबलावर ठेवून बघत बसले. नकाशावर त्या जागेला नाव नव्हतं, नुसता राखाडी ठोकळा.

तेवढ्यात ताजूभाई माझ्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, कार्ड द्यायला आले. ताजुद्दीन आमच्या ऑफिसचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत फिरून सगळ्यांची कागदपत्रं करून आणणारे. गाडीही तेच चालवतात. मूळचे दापोलीकडचे, रियाधला छत्तीस वर्षं झाली.

"काय गो ताई, कुठला कॅम्प हा?" फोटोकडे बघून त्यांनी विचारलं.

"कॅम्प कशावरून म्हणता?"

"म्हंजे काय? ह्या लांब लांब बराकी, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. गेट एकच. गावापासून लांब, हायवेला लागून. बायकापोरांचं काय नाय, ना झोपाळा ना घसरगुंडी. आणि हा बघ बॉल खेळायचा ग्राउंड. माझी पहिली अकरा वर्षं ह्याच फोटोत गेली."

"कुंपण दुहेरी दिसतंय."

"कंपनी मालदार असेल."

"आणि चार कोपऱ्यांवर हे चार मनोरे?"

"पाण्याच्या टाक्या," ताजूभाई म्हणाले. "चार टाक्या म्हंजे पाण्याची चंगळ. आमच्याकडे एक होती."

मी त्यांना इंटरनेटवर मिळालेला, रस्त्यावरून काढलेला फोटोही दाखवला. आत जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक पाटी होती. वरची ओळ झाडाच्या फांदीआड गेली होती, खालची स्पष्ट वाचता येत होती: रस्त्यात कुणी हात केला तर गाडीत घेऊ नका.

"बरोबर हाय," ताजूभाई म्हणाले. "हितं पण तोच कायदा. उचललास कुणाला, आणि त्याच्याकडे इकामा नसला, तर गाडीवाला आत. म्हणून मी सख्ख्या मावसभावाला पण कार्ड बघितल्याशिवाय बसवत नाय."

एक निरीक्षण, एक स्वतंत्र साक्षीदार, आणि दोन्हींचा निष्कर्ष एक. कॉलेजात याला भक्कम पुरावा म्हणतात. पुढच्या चार दिवसांत पुरावा आणखी भक्कम होत गेला. त्या तुकड्यातल्या कुणाकडेही स्वतःची गाडी नव्हती. उत्पन्न जवळजवळ शून्य. त्याखाली मी तळटीप लिहिली की कमाई थेट गावी पाठवली जात असावी. राज्य सरकारने तिथे चारशे दहा माणसं नेमलेली होती, म्हणजे साधारण साडेतीन माणसांमागे एक देखरेख करणारा. गेल्या पाच वर्षांत त्या तुकड्यात घरफोडीची एकही तक्रार नव्हती. आणि काउंटीच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की कोर्टासमोरचे बाक तिथल्याच माणसांनी बनवून दिले आहेत.

"मॅन्युफॅक्चरिंग," रत्नाकर सर टोपण चावत म्हणाले. "शिवाय समाजकार्य. रुचा, हे सोनं आहे."

ते खरंच होतं, कारण क्लायंटच्या गावची मोठी अडचण हीच होती. कामगार जुन्या बाजारातल्या पडक्या घरांत कोंबलेले होते आणि त्यांना कुठे हलवायचं हे नगरपालिकेला सुचत नव्हतं. अहवालाचं सहावं प्रकरण मी त्यावर लिहिलं. शीर्षक: "बाहेरून आलेल्या एकट्या पुरुषांचं सामुदायिक निवासस्थान: ऑर्विनचा आदर्श." त्यात एक वाक्य होतं, 'रहिवाशांचं जागा सोडून जाण्याचं प्रमाण विलक्षण कमी आहे.' सरांनी ते ठळक अक्षरांत करायला सांगितलं. सादरीकरणात ती सतरावी स्लाइड झाली. तीस प्रती बांधून क्लायंटकडे रवाना झाल्या, शेवटी माझ्या परिशिष्टासह. त्यात सगळे फोटो होते, पाटीचाही.

सादरीकरण अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, बुधवारी होतं. मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडे एकच शंका उरली होती. काउंटीच्या वेबसाइटवर बाक सोळा लिहिलेले होते आणि भुईमूग जत्रेच्या पत्रकात चौदा. रियाधला सव्वापाच वाजले होते, तिथे सकाळचे सव्वानऊ. मी काउंटीच्या कचेरीत फोन लावला.

लॉरीन नावाच्या बाईंनी घेतला. आवाजावरून साठीच्या असाव्यात. मी सौदी अरेबियातून बोलतेय आणि मला बाकांची संख्या हवी आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"थांब हं," त्या म्हणाल्या. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग दाराचा. सहा मिनिटांनी त्या परत आल्या. "सोळा. एक मोडलाय, पण तू तो धर. आम्ही धरतो."

मला त्या बाई फार आवडल्या. घड्याळाचंही त्यांनीच सांगितलं. म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला माणूस म्हणून पडला होता. रियाधमध्ये शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कामगार ठरावीक चौकांत जमतात, गावाकडच्या लोकांना भेटतात, चहा पितात. ऑर्विनच्या या चौदाशे शहाऐंशी जणांची सुट्टी रविवारी असणार.

"दक्षिणेकडच्या निवासात जे पुरुष राहतात," मी विचारलं, "ते रविवारी बाहेर पडल्यावर कुठे जमतात? कोर्टाच्या हिरवळीवर का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हनी," लॉरीनबाई म्हणाल्या, "ते रविवारी बाहेर पडत नाहीत."

"मग कुठल्या दिवशी पडतात?"

"कुणी चार वर्षांनी. कुणी वीस. तुला नक्की कोणता दिवस हवाय?"

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर पाटीचा फोटो मोठा करून बघितला. फांदीच्या पानांमधून वरच्या ओळीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, पी आणि एन, दिसत होतं. आधीही दिसत असणार.

चूक कुठे झाली तेही लगेच समजलं. पुरुष जास्त असलेलं गाव मी शोधत होते. अमेरिकेत असं गाव सापडण्याचं मुख्य कारण तुरुंग हेच असतं. कैदी जनगणनेत त्याच गावचे धरले जातात. ते वजा केले की ऑर्विनमध्ये शंभर बायकांमागे चौऱ्याण्णव पुरुष उरत होते, कुठल्याही गावासारखे. माझ्या अकरा निकषांनी एक्केचाळीस गावांतून अचूकपणे तुरुंग निवडला होता.

मी सरांना फोन केला. ते दातांच्या डॉक्टरकडून नुकतेच बाहेर आले होते. मी सगळं सांगितलं. "हं," ते म्हणाले. "आता काय करायचं?" मी विचारलं. "हं हं." त्यांचं डोकं शांत आहे असं वाटून मला धीर आला.

सकाळी सातला ताजूभाईंनी गाडी काढली. सर पुढे बसले, मी मागे. शहर संपून दोन्हीकडे सपाट वाळू सुरू झाली तेव्हा सर मागे वळून म्हणाले, "काल तू काहीतरी सांगत होतीस. माझं अर्धं तोंड बधिर होतं, आणि त्या बाजूच्या कानानेही ऐकू येत नव्हतं."

"ते निवासस्थान तुरुंग आहे, सर."

"कुठलं निवासस्थान?"

"सहावं प्रकरण. सतरावी स्लाइड."

सर पुढे वळले.

"पूर्ण तुरुंग?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

"मनोरे?"

"पहारेकऱ्यांचे."

"ताजूभाई, तुम्ही टाक्या म्हणाला होता."

"मला काय ठाऊक, साहेब," ताजूभाई म्हणाले. "मी अकरा वर्षं आत होतो, वर चढून कधी बघितलं नाय."

सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण दातांकडे नेलं, दात आठवला, परत खिशात ठेवलं. "ऐक. तीस प्रती गेल्यात. आता स्लाइड काढली तर ते विचारणार, का काढली. आपण 'कामगार' हा शब्द वापरायचा नाही. 'रहिवासी' म्हणायचं. ते तिथे राहतात ना?"

"राहतात."

"मग खोटं काय त्यात?"

मी विचार केला. एकेक वाक्य तपासलं तर खोटं काहीच नव्हतं. गाड्या नव्हत्या, घरफोड्या नव्हत्या, जागा सोडून कुणी जात नव्हतं. सगळे आकडे बरोबर होते.

"तुझा कन्फर्मेशनचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," सर म्हणाले. "अजून सही केलेली नाही. धमकी देत नाही, माहिती देतोय."

"हो, सर."

"थुवालची जागाही एकच आहे. हीसुद्धा माहितीच."

पुढचे दीडशे किलोमीटर ताजूभाईंनी रेडिओ लावला.

नगरपालिकेच्या सभागृहात कॉफी आणि खजूर आले. मध्यभागी रईस, म्हणजे पालिकेचे प्रमुख, पांढऱ्या दाढीचे, हातात तस्बीह, म्हणजे जपमाळ. त्यांच्या शेजारी नियोजन विभागाच्या इंजिनियर अरवा. पस्तिशीच्या आतल्या, समोर आमच्या अहवालाची प्रत, तिच्यात पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. रईस अरबीत बोलत, अरवा आम्हाला इंग्रजीत सांगत. बाकी सात जण होते, ते खजूर खात होते.

सोळाव्या स्लाइडपर्यंत सगळं शांतपणे चाललं. पाण्याच्या टाकीवरची शेंग रईसना आवडली. आपल्या टाकीवर खजूर काढता येईल का असं त्यांनी कुणालातरी लिहून घ्यायला सांगितलं. मग सतरावी स्लाइड आली. सर 'रहिवासी' हा शब्द फार वेळा म्हणत होते. एका वाक्यात चारदा.

रईस पुढे सरकून बसले. त्यांनी खेळाच्या मैदानाबद्दल विचारलं. जेवण कोण देतं ते विचारलं. सरकार देतं हे ऐकून मान डोलावली. डॉक्टर आहे का? आतच आहे. मग ते बराच वेळ अरवांशी बोलले.

"रईसना ही कल्पना फार पटली आहे," अरवा म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "त्यांना पाच जणांचं शिष्टमंडळ ऑर्विनला न्यायचं आहे. ते म्हणतात, हॉटेलात राहून काही समजत नाही. तीन दिवस त्या निवासातच राहू. माणसांबरोबर जेवू, त्यांच्याशी बोलू. तुमची कंपनी व्यवस्था करू शकेल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नक्कीच विचार करता येईल," ते म्हणाले. "फक्त तिथे, म्हणजे, प्रवेशाची एक प्रक्रिया असते."

"काय प्रक्रिया?"

सरांनी गालावर हात ठेवला. तो अजून थोडा सुजलेला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सत्याची वगैरे चाड वाटली नाही. मला रईस दिसले, पांढऱ्या दाढीचे, हातात बॅग घेऊन त्या गेटशी उभे असलेले, आणि गेटवरचा माणूस त्यांना विचारतोय की तुम्ही काय केलंत.

"तो तुरुंग आहे," मी म्हणाले.

कुणीतरी खजुराची बी ताटलीत टाकली.

"माझी चूक आहे," मी पुढे म्हणाले. "लोकसंख्येत पुरुष जास्त दिसले आणि मी कामगारांचा कॅम्प समजले. काल संध्याकाळी कळलं. ते कैदी आहेत."

अरवांनी हे लगेच अरबीत सांगितलं नाही. त्यांनी अहवालाची प्रत उघडली, परिशिष्टातल्या पाटीचा फोटो काढला आणि माझ्याकडे वळवला.

"मी चार वर्षं अमेरिकेत शिकले," त्या म्हणाल्या. "असली पाटी दिसली की आम्ही मैत्रिणी गाडीच्या काचा वर करायचो. हा फोटो बघून मी शनिवारी अर्धा तास हसले. तुम्ही आज सांगता की नाही, ते बघत होते."

"नसतं सांगितलं तर?" सरांनी विचारलं. ते का विचारलं हे मला अजून समजलेलं नाही.

"तर मी सांगितलं असतं," अरवा म्हणाल्या. "आणि करार संपला असता."

मग त्यांनी रईसना सांगितलं. रईसची तस्बीह थांबली. त्यांनी स्लाइडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक छोटा प्रश्न विचारला.

"ते विचारतात, आकडे खरे आहेत का?"

"आकडे सगळे खरे आहेत."

"तिथे एका माणसाला जागा किती?"

"छतांचं क्षेत्रफळ मोजून माणशी साडेआठ चौरस मीटर येतं. भिंती, स्वयंपाकघर, सगळं धरून."

अरवांनी भाषांतर केलं. रईसनी त्यांना काहीतरी विचारलं, आणि या वेळी उत्तर अरवांनी स्वतःच दिलं. नंतर मला सांगितलं: "त्यांनी विचारलं, आपल्या जुन्या बाजारातल्या घरांत किती. मी म्हटलं, दोन. कदाचित दीड. कुणी मोजलेलं नाही."

रईसनी कॉफीचा कप हलवून आता पुरे अशी खूण केली. मग दोन वाक्यं बोलले आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले.

"शीर्षक बदला, आकडे ठेवा," अरवांनी सांगितलं. "हे पहिलं वाक्य. दुसरं असं की, चोराला जेवढं मिळतं तेवढं तरी आधी देऊ, आदर्शाचं मग बघू."

परतीच्या वाटेवर सर मागच्या सीटवर, माझ्या शेजारी बसले, कारण पुढचं ऊन त्यांच्या दाताला लागत होतं. अर्ध्या रस्त्यात त्यांच्या फोनवर मेल आला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"करार वाढवलाय," ते म्हणाले. "जुन्या बाजारातलं घरन्‌घर मोजायचंय. किती माणसं, किती जागा. बारा आठवडे. आणि त्यांना तूच हवी आहेस. नाव घालून लिहिलंय."

"म्हणजे मी पक्की?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्यात एक आहे. पक्क्या माणसाला बाहेरगावी बारा आठवडे ठेवायचं तर भत्ता वेगळा, परवानगी वेगळी, मुख्य ऑफिसातून मंजुरी. प्रोबेशनवरच्याला काही लागत नाही. प्रोबेशन आणखी नव्वद दिवस वाढवू. कायद्यात बसतं."

"आणि थुवाल?"

"थुवालला तुझ्या शेजारच्या टेबलावरचा सिद्धार्थ जाईल. त्याला पोहता येतं."

"फोटोंवरून मोजायचंय, सर. पोहायचं नाहीये."

"तरी," सर म्हणाले.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी आणि ताजूभाई जुन्या बाजारातल्या पहिल्या घरापाशी उभे होतो. माझ्याकडे मोजपट्टी, फळीला लावलेले तक्ते आणि पालिकेचं पत्र होतं. घराची देखभाल करणारा माणूस दारातच उभा राहिला. त्याने पत्र उलटं धरून वाचलं.

"छह आदमी," तो म्हणाला. "लिख लो मॅडम, छह."

आत दोन खोल्या, सहा पलंग. मी लांबी-रुंदी घेतली. ताजूभाईंनी पट्टीचं दुसरं टोक भिंतीला धरलं आणि खोलीकडे अशा नजरेने बघितलं, जसं कुणी आपल्या जुन्या शाळेकडे बघतं.

"तुला मासे मोजायला जायचं होतं ना गो?"

"प्रवाळ."

"ते हलतात काय?"

"नाही."

"मग बरं झालं, नाय गेलीस. न हलणारं काय कोण पण मोजेल."

मी न्हाणीघर बघायला मागितलं. देखभालवाल्याला हे अपेक्षित नव्हतं. आरशाखाली एक लांब फळी होती, आणि तिच्यावर प्लास्टिकच्या डब्यांत टूथब्रश. मी एकेक मोजले. चौदा.

"छह आदमी, चौदह ब्रश?" मी विचारलं.

"कुछ लोगों के पास दो-दो हैं," तो म्हणाला.

"सगळे ओले आहेत," ताजूभाई मला मराठीत म्हणाले. मग त्या माणसाला हिंदीत म्हणाले, "भाई, दिन वाले कितने, रात वाले कितने?"

तो माणूस ताजूभाईंकडे बघत राहिला. हा प्रश्न बाहेरचा माणूस विचारत नाही हे त्याला कळलं असावं. त्याने खांदे पाडले, न्हाणीघराच्या मागचं एक दार ढकललं आणि बाजूला झाला. आत पडदा ओढलेला होता. अंधारात रात्रपाळीवाले झोपले होते; कुणीतरी घोरत होतं, आणखी कुणीतरी कूस बदलली.

मी चपला बाहेर काढल्या, मोजपट्टीचं टोक ताजूभाईंकडे दिलं, आणि कुणी जागं होणार नाही अशा बेताने आत गेले. तक्त्यात आकड्यापुढे 'माहितीचा आधार' असा एक रकाना होता. परत बाहेर आल्यावर मी त्यात लिहिलं: प्रत्यक्ष मोजले, झोपलेले असताना.